जुनी मोटरबोट आणि तिचे इंजिन

सुरतेच्या व्यापाऱ्यास पाण्याचा व्यवहार नवा नाही. सतराव्या शतकात येथील जैन व्यापारी वीरजी व्होरा यांच्या पेढीचे नाव देशोदेशी प्रसिद्ध होते आणि तिचा मिरीचा व्यापार समुद्रमार्गेच चाले. येथल्याच जहाजबांधणीत हात बसलेले कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईस गेले आणि तेथील जहाजबांधणीचा पाया त्यांनी घातला. त्या काळी नावेचा सौदा करणारा मनुष्य सागाची फळी, शीड आणि दोर पारखून घेत असे. आज लहान नौकेवरचे शीड बहुतेक गेले आहे व त्याच्या जागी इंजिन आले आहे. परंतु फळी पारखण्याची जी नजर आपल्या पूर्वजांस होती, ती इंजिन पारखण्याची नजर आपल्यापैकी फारच थोड्यांस आहे. यास्तव या अंकात हा विषय सभासद बंधु-भगिनींपुढे मांडणे आम्हांस उचित वाटते.

नदीकाठी राहणाऱ्या हौशी कुटुंबांत, किंवा जलाशयावर सहलीस जाणाऱ्या मित्रमंडळींत, एखादी लहान मोटरबोट वापरलेली मिळाली तर घ्यावी, असा विचार अधूनमधून निघतो. नवी बोट महाग पडते. जुनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. आणि व्यापारी मनास हा हिशेब पटकन पटतो. यात गैर काहीच नाही. मात्र जुनी बोट घेणारा मनुष्य बहुधा तिचा रंग, तिची आसने आणि तिचा आकार पाहून दाम ठरवितो, आणि तिचे खरे मोल मात्र इंजिनात असते.

हा प्रश्न केवळ हौसेचा राहू नये, असे सुरतेचा इतिहास सांगतो. मध्यप्रदेशात मुलताई येथे उगम पावून बऱ्हाणपूर, जळगाव, धुळे व नंदुरबार या मुलखांतून वाहत येणारी तापी आपल्या शहराजवळ समुद्रास मिळते. खानदेशात पडलेल्या पावसाचा जाब सुरतेस द्यावा लागतो. १९६८ च्या महापुरात नदीचा प्रवाह सुमारे १५ लाख क्युसेकपर्यंत गेला होता. पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हा अनेकांस वाटले की पुराची भीती कायमची सरली. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर यांसारख्या वस्त्यांत माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली. पिण्याचे पाणी, दूध व औषधे घेऊन जाण्यास नावेवाचून दुसरे साधन उरले नाही. अशा दिवशी दोरी ओढताच चालू होणारे एक लहान इंजिन म्हणजे एखाद्या आजारी वृद्धास मिळालेले औषध होय. आणि न चालणारे इंजिन म्हणजे पुराच्या ओढीत वाहत जाणारे एक ओझे होय.

इंजिन वापराने झिजते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नावेचे इंजिन वापराने जितके बिघडते, त्याहून अधिक ते नुसते पडून राहिल्याने बिघडते. हौसेची बोट पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून तिच्यावर ताडपत्री घालण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्या चार महिन्यांत सुरतेस नावेची गरज पडण्याचा संभव, नेमक्या त्याच चार महिन्यांत तिचे इंजिन मुके होऊन बसलेले असते. या एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

इंजिने कोणती व कोठून येतात

लहान बोटींवर मुख्यत्वे दोन प्रकारची इंजिने दिसतात. पहिले बोटीच्या मागील फळीवर टांगलेले, म्हणजे आउटबोर्ड. अमेरिकेतील मिल्वॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अशा इंजिनांचा व्यापारी कारखाना काढला आणि तेव्हापासून ही जात जगभर पसरली. त्याच नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले, हेही खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. कारण जुन्या इंजिनाचा सौदा म्हणजे त्याच्या सुट्या भागांचा पुढील दहा वर्षांचा सौदा असतो. नामांकित इंजिन घेतले आणि त्याचा एक रबरी वायसर मिळेना, तर ते नाव काय कामाचे?

दुसरा प्रकार बोटीच्या पोटात बसविलेल्या डिझेल इंजिनाचा. या प्रकारची वापरलेली इंजिने आपल्या समोरच्या किनाऱ्यावरून येतात. भावनगर जिल्ह्यातील अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे मोडण्याचा धंदा चालतो, आणि त्या जहाजांवरील जीवरक्षक नौका, जनित्रे व इंजिने तेथील रस्त्यालगतच्या वखारींत विक्रीस ठेवलेली असतात. सुरतेहून भावनगरास सडकेने जाण्यास संपूर्ण आखातास वळसा पडतो. २०२० च्या नोव्हेंबरात हजिरा-घोघा फेरीबोट सुरू झाली, तेव्हा सुमारे ३७० किलोमीटरचा हा फेरा ९० किलोमीटरवर आला, असे सांगण्यात आले.

जीवरक्षक नौकेच्या इंजिनाविषयी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. समुद्रावरील प्राणरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरील अशा प्रत्येक नौकेचे इंजिन आठवड्यातून एकदा किमान ३ मिनिटे चालवून पाहणे बंधनकारक आहे. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाली, त्यानंतर दोनच वर्षांनी या कराराची पहिली आवृत्ती झाली. सध्याचा मूळ करार १९७४ चा आहे. ज्या इंजिनाची गरज वीस वर्षांत एकदाही न पडण्याचा संभव अधिक, ते दर आठवड्यास चालवावे, हा नियम बुडालेल्या माणसांच्या अनुभवातून आलेला आहे.

खरेदीपूर्वीची पारख

विक्रेत्यास आगाऊ सांगून ठेवावे की आम्ही येण्यापूर्वी इंजिन चालू करू नये. तेथे गेल्यावर प्रथम इंजिनास हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर विक्रेत्याने त्यास आधीच गरम करून ठेवले आहे असे समजावे. थंड इंजिन कसे चालू होते, यावरच त्याची खरी प्रकृती कळते; गरम इंजिन तर आजारी असले तरी चालू होते.

त्यानंतर तेल पाहावे. आउटबोर्डच्या तळाशी असलेल्या गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले, तर सील गेले असून आत पाणी शिरत आहे. तेलात धातूचा कीस चमकला, तर दाते झिजत आहेत. चार-स्ट्रोक इंजिनाच्या तेलकांडीवर दुधाळ थर दिसणे हे तर अधिक गंभीर लक्षण होय. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलात मिसळावे लागते. पुष्कळ इंजिनांत ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल हे प्रमाण असते, तथापि त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील प्रमाणच अंतिम मानावे.

मग सर्व प्लग काढून ते क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी प्लग निरोगी सिलिंडरचा. काळा व ओला प्लग अति इंधनाचा किंवा अति तेलाचा. आणि एखादाच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरात पाणी जात असल्याचा संशय घ्यावा. जवळच मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती आला, यापेक्षा सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे महत्त्वाचे. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर तो सौदा पुन्हा विचारात घ्यावा.

धूरही बोलतो. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. टू-स्ट्रोक इंजिन चालू होताना थोडा निळा धूर मात्र स्वाभाविकच. काळा धूर म्हणजे इंधन फार, हवा थोडी, किंवा इंजिनावर शक्तीपेक्षा अधिक भार. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर आत पाणी जात आहे किंवा डिझेल न जळताच बाहेर पडत आहे.

शेवटी कागद. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ अन्वये यंत्रावर चालणाऱ्या नौकांची नोंदणी करावी लागते. इंजिनावर कोरलेला क्रमांक व विक्रीपत्रातील क्रमांक एकच आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावे.

तापीचे पाणी आणि थंडाव्याची व्यवस्था

मोटारगाडीच्या इंजिनास रेडिएटर असतो. नावेचे इंजिन बहुधा बाहेरचेच पाणी आत ओढून स्वतःस थंड ठेवते. म्हणून पाणी जसे असेल, तशी इंजिनाची प्रकृती राहते. सुरतेत या बाबतीत एक विशेष आहे. रांदेर-सिंगणपोर येथील बंधारा-पूल १९९५ मध्ये झाल्यापासून त्याच्या वरच्या अंगास गोडे पाणी साठते. खालच्या अंगास मगदल्ला व डुमसपर्यंत भरती-ओहोटीचे खारे पाणी खेळते. खंभातच्या आखातातील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक असून ती तळाचा गाळ ढवळून वर आणते. एकाच नगरात, एकाच नदीत, इंजिनास दोन प्रकारची वागणूक द्यावी लागते.

इंजिनाच्या पाण्यातील अंगावर काही मऊ धातूचे ठोकळे बसविलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांतील एक गंजतो. हा गंज इंजिनाऐवजी त्या ठोकळ्याने सोसावा, अशी ही योजना आहे. समुद्राच्या पाण्यास जस्ताचा ठोकळा, गोड्या पाण्यास मॅग्नेशियमचा आणि दोन्हीकडे वावरणाऱ्या बोटीस ॲल्युमिनियमचा योग्य होय. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा, आणि त्यास रंग कधीही देऊ नये. रंगविलेला ठोकळा काहीच काम करीत नाही.

पाणी आत ओढणाऱ्या पंपात पाकळ्यांचे एक रबरी चाक असते, त्यास इम्पेलर म्हणतात. ते पाण्यावाचून फिरले, तर अल्पकाळातच जळते. गाळाच्या पाण्यात ते लवकर झिजते. आणि बोट पडून राहिली, तर त्याच्या पाकळ्या वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. म्हणून ते स्वस्त असूनही त्याची हयगय फार महाग पडते. वर्षातून एकदा ते पाहावे व पाकळ्या ताठ झाल्या असतील तर बदलावे. बदलताना पाकळीचा एखादा तुकडा कमी भरला, तर तो पाण्याच्या वाटेत कोठेतरी अडकलेला असतो. तो सापडल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये. खाऱ्या पाण्यातून परत आल्यावर दर वेळी नळाच्या गोड्या पाण्याने इंजिन दहा मिनिटे आतून धुवावे.

इंधन

आता मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. टाकीत महिनोन्महिने पडलेल्या पेट्रोलातून कालांतराने पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नळी प्रथम तळचेच ओढते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्याही त्यामुळे फुगतात वा तडकतात. म्हणून पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी, ताजे पेट्रोल थोडे थोडे आणावे, आणि महिना-दीड महिना उलटलेले पेट्रोल काढून नवे भरावे. डिझेलच्या टाकीत पाणी साचले, तर त्यात सूक्ष्म जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो व गाळणी तुंबते. ती टाकी तळच्या तोटीने वरचेवर निथळून घ्यावी.

इंजिन चालेना, तेव्हा

इंजिन अडले की मनुष्य प्रथम त्याचे अवघड भाग उघडतो. अनुभव असा की दोष बहुधा सोप्या जागी असतो. म्हणून स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे, या क्रमाने जावे.

चालकाच्या मनगटास बांधावयाच्या दोरीची चिमटी स्विचात नीट बसली आहे काय? ती नसेल, तर ठिणगीच पडत नाही. गिअर मोकळा आहे काय? बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार आला आहे काय? टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय? तो बंद राहिला, तर इंजिन चालू होऊन पाच-दहा मिनिटांत गुदमरते, आणि पुष्कळ मिस्त्रींनी याच कारणासाठी चांगले कार्बुरेटर खोलले आहेत. इंधननळीवरील रबरी फुगा दाबून कडक होतो काय? होत नसेल, तर नळी कोठेतरी हवा ओढते. गाळणीत पाणी आहे काय? इतके पाहून झाल्यावर प्लगची ठिणगी पाहावी, त्यानंतर कार्बुरेटर, आणि अगदी शेवटी सिलिंडरचा दाब.

डिझेल इंजिन नुसते फिरते पण पेट घेत नाही, तर इंधनाच्या वाटेत हवा शिरलेली असते. हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा.

आउटबोर्ड चालू असताना त्याच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी होय. ती थांबली की तत्काळ इंजिन बंद करावे. पाणी घेण्याच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली आहे काय, हे प्रथम पाहावे; आपल्या नद्यांत हे कारण फार आढळते. नंतर धारेचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. तरीही धार न आल्यास इम्पेलरकडे वळावे.

इंजिन वेगाने फिरते आणि बोट मात्र पुढे सरकत नाही, असे झाल्यास पंख्याच्या मधील रबरी बूश निसटले किंवा पिन तुटली असे समजावे. पंखा काढला की दांड्यावर मासेमारीची दोरी गुंडाळलेली नाही ना, हेही पाहावे. तीच पुढे सील कापते आणि गिअरपेटीत पाणी शिरू देते.

पुरात इंजिनच बुडाले, तर त्यास तसेच चालू करण्याचा मोह आवरावा. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असता पिस्टन जोराने वर गेला, तर त्याचा दांडा वाकतो. प्लग काढून, गोड्या पाण्याने धुवून, हाताने हळूहळू फिरवून आतील पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे आणि त्याच दिवशी ते मिस्त्रीच्या हाती द्यावे. हवा लागल्यावर काही तासांतच आतील पोलादास गंज धरू लागतो.

सावधगिरी

पेट्रोलची वाफ हवेहून जड असून बोटीच्या तळाशी साचते. पोटात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत ते सुरू करण्यापूर्वी हवा काढणारा पंखा किमान चार मिनिटे चालवावा. बंद वखारीत इंजिन चालवून पाहू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. दुरुस्त केलेल्या इंजिनाची पहिली चाचणी रहदारीपासून दूर घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान नौकेची इंजिनचाचणी चालू असता, नौदलाच्या निवेदनानुसार, इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरील ताबा सुटला व ती प्रवासी बोटीवर आदळली. त्यात अनेकांचे प्राण गेले. शिक्षित हातांतही जे घडू शकते, ते हौशी हातांत अधिक सहज घडेल. त्याच वर्षी १८ जानेवारीस वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस गेलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली, तेव्हा प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. इंजिन कितीही उत्तम असो, बोटीत जितकी माणसे तितकी जाकिटे आणि एक वल्ह्यांची जोडी असल्यावाचून दोर सोडू नये. पुराच्या दिवशी आपली बोट अग्निशमन दलास विचारूनच पाण्यात घालावी.

काढलेले जळके तेल नदीत वा गटारात ओतण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ते डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्यास द्यावे. जीवदयेचे व्रत सांगणाऱ्या घरांतून जलचरांवर विष सोडले जाऊ नये, हे निराळे सांगणे नको.

इंजिनाची वही

हे सर्व एका वहीत बसते. आपण पेढीवर रोजमेळ लिहितो. एका दिवसाची नोंद राहिली तर मुनिमास झोप लागत नाही. इंजिनासही अशीच एक वही करावी. तारीख, किती मिनिटे चालले, धार पडली की नाही, तेलाचा रंग, पेट्रोल कधी भरले, इम्पेलर व ठोकळे कधी बदलले, इतके रकाने पुरेत. जुनी बोट घेताना विक्रेत्याने अशी वही दाखविली, तर तिच्यासाठी चार पैसे अधिक द्यावेत. नसेल, तर तितके कमी करावेत. आणि उद्या आपण तीच बोट विकू, तेव्हा आपल्याही मालाची साक्ष हीच वही देईल.

पावसाळ्यात बोट बाहेर ओढलेली असली, तरी इंजिन दर महिन्यास एकदा चालवावे. मोठ्या पिंपात पाणी घेण्याच्या जाळीच्या वरपर्यंत पाणी भरावे, पंखा काढून ठेवावा, गिअर मोकळा ठेवावा, आणि इंजिन तापून धार नीट पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे ते चालू द्यावे. ज्या सोसायटीने वा मंडळाने पुरासाठी म्हणून एखादी बोट घेऊन ठेवली असेल, त्यांनी हे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्यावे. कारण जे काम सर्वांचे असते, ते महिनाभरात कोणाचेच राहत नाही. घरातील तरुण मुलामुलींस यात अवश्य सामील करून घ्यावे. दोरी ओढणे, प्लग पुसणे, धार पाहणे ही कामे त्यांस एका दुपारी येतात आणि जन्मभर उपयोगी पडतात.

येत्या ज्येष्ठात, उकाईकडच्या पाण्याचे आकडे वर्तमानपत्रांत येऊ लागण्यापूर्वी, ज्या सभासदांच्या घरी अशी बोट असेल त्यांनी ताडपत्री दूर सारून या वहीचे पहिले पान लिहावे, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.